वायरीच्या टोकाची टोपी

बुधवार, तीन जानेवारी एकोणीसशे शहाण्णव. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा मला कामाला लावलं. माझं आयुष्य मी तिथूनच मोजते. त्याआधी मी मुंबईच्या एका दुकानात कागदाच्या पुडीत पडून होते, ते काही जगणं नव्हे.

मी एक टोपी. डोक्यावर घालायची नाही, वायरीच्या टोकाला बसवायची. अंगठ्याच्या पेराएवढी, चकचकीत, आणि आतून बंद. दुकानात मला टर्मिनेटर म्हणायचे. रोह्याला आल्यावर टोपीच झाले. पुडीत आम्ही दोघी होतो, मी आणि माझी बहीण. दिसायला अगदी सारख्या. त्या दिवशी पुडी फाडली, तिला खोलीच्या एका टोकाला लावलं आणि मला दुसऱ्या. त्यानंतर आम्ही एकमेकींना पाहिलं नाही.

खोली म्हणजे रोह्याच्या बाजारपेठेमागे, एका कापडदुकानाच्या वर, यज्ञेश सरांचा कॉम्प्युटर क्लास. सरांचे वडील हायस्कुलात शिक्षक होते, त्यांच्याच ओळखीने जागा मिळालेली. भिंतीला लावून सहा कॉम्प्युटर ओळीत मांडले होते. ते एकमेकांना जोडायला पेणहून हरेश म्हणून एक तरुण कारागीर आला होता.

हरेश हाताने काम करायचा आणि तोंडाने समजावायचा. "हे बघा सर, वायर एकच हाय, ही काळी. ह्या मशीनकडून त्या मशीनकडं, तिथून पुढं. मधी कुठं तोडून चालायचं नाय. प्रत्येकाच्या पाठीला हा तीन तोंडांचा तुकडा, आणि दोन्ही टोकांना ह्या टोप्या."

"टोपीला तर काहीच जोडलेलं नाही," सर म्हणाले.

"म्हणूनच ती लागते. वायरीतनं जो निरोप जातो तो टोकाला पोचला का कुणीतरी गिळायला पायजे. नायतर तो उलटा फिरतो, येणाऱ्याच्या अंगावर आदळतो, आणि मग सगळ्यांचीच वाचा बसते."

मग त्याने मीटर लावून पाहिलं. पंचवीस आकडा आला. "बरोबर. दोन्ही टोप्या हायत. एक जरी नसंल तर पन्नास दाखवंल." मग प्रत्येक मशीनला नंबर दिला. प्रत्येकाला आधी स्वतःशीच बोलायला लावलं, मग शेजारच्याशी, आणि शेवटी एक नंबरवरून सहा नंबरला हाक मारली. चार वेळा हाक, चार वेळा जबाब. हरेशने हात पुसले आणि चहा मागितला.

चहा शांतीने आणला. शांती म्हणजे क्लासची झाडलोट करणारी बाई. वय असेल बावीस-तेवीस, माहेर पेणकडच्या गडब गावचं, खाडीकडच्या मिठागरवाल्यांतलं. नवरा केरू डोलवीला कारखान्यात कंत्राटी कामाला. शिफ्ट सोडून त्याला येता येत नसे, पंधरवड्याने एकदा यायचा. घरात दुसरं माणूस नाही. म्हणून कडेवर दहा महिन्यांची पोरगी, भूमिका. त्या दिवशी शांतीने वायरीचे कापलेले तुकडे झाडून काढले, एकेक मोजल्यासारखे उचलले, पोरीच्या तोंडात बोट घालून बघितलं आणि गेली. हरेशने जे काही सांगितलं ते सरांना सांगितलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. चहा आणणाऱ्या बाईला कशाला सांगायचं, असंच दोघांनाही वाटलं असणार.

माझी जागा सहा नंबरच्या टेबलाखाली, अगदी भिंतीच्या कोपऱ्यात. माझ्या पुढे काही नाही, नुसती चुना लावलेली भिंत. सगळ्यांचे निरोप माझ्यापर्यंत यायचे. कुणी पत्र लिहायचं, कुणी चित्र काढायचं, कुणी दुसऱ्याच्या मशीनवर खोडी करून पाठवायचं. सगळं माझ्याकडे येऊन संपायचं. त्यातलं एकही माझ्यासाठी नसायचं. तीन महिन्यांत माझं नाव कुणी घेतलं नाही. खाली वाकून बघितलंही नाही.

फक्त भूमिका बघायची.

शांती सकाळी लवकर यायची. सहा नंबरच्या टेबलाखाली गोधडी अंथरायची, कारण तिथे माणसांचे पाय येत नसत. पोरीला त्यावर ठेवून ती झाडू मारायची, आणि दर दोन मिनिटांनी येऊन वाकायची. "काय खाल्लंस? आ कर. आ कर बघू." पोरीने काही खाल्लेलं नसायचं. पण शेजारच्या चाळीत एका पोराने दहा पैशाचं नाणं गिळलं होतं, त्याला अलिबागला न्यावं लागलं होतं, आणि तेव्हापासून शांतीच्या जिवाला स्वस्थता नव्हती. जमिनीवरची टाचणी, खडूचा तुकडा, शाईपेनाचं टोपण, सगळं तिला पोरीच्या घशातच दिसायचं.

शेजारच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या इंदुबाई तिला हसायच्या. "अगो, पोर हाय का कोंबडी? दिसंल ते टिपाया."

"तुमाला काय व्हतंय हसाया. माझी एकच हाय."

यज्ञेश सर वाईट नव्हते. पोरगी आणायला त्यांनी परवानगी दिली होती. पण एकदा म्हणून ठेवलं होतं, "शांताबाई, एकदासुद्धा तक्रार यायला नको. मग माझा नाइलाज होईल." शांती हे वाक्य घरीदारी घोकत असायची. हे काम सुटलं तर दुसरीकडे पोरीसकट कोण ठेवणार?

मार्चची तेवीस तारीख. शनिवार. त्या दिवशी दुपारी दोन वाजता मुंबईहून रेल्वेने परीक्षक येणार होते. क्लासची पहिलीच परीक्षा. मुलांनी आपापल्या मशीनवर काम करायचं आणि वायरीवरून एक नंबरच्या मशीनमध्ये जमा करायचं, परीक्षक तिथे बसून बघणार. बावीस मुलं. त्यात कोलाडचे होते, नागोठण्याचे होते, दोघं तर रोज बस बदलून यायचे.

सकाळी आठ वाजता भूमिका रांगत माझ्यापाशी आली, हात वर केला आणि मला धरलं. मग तोंड पुढे केलं. तिची लाळ माझ्या कडेला लागली.

शांतीच्या हातातला झाडू पडला. तिने पोरीला ओढून घेतलं, तोंडात बोट घातलं, पाठीवर थापट्या मारल्या. मग टेबलाखाली डोकं घालून मला नीट बघितलं. बघितलं तर मला काहीच जोडलेलं नाही. इकडे वायर, तिकडे मशीन, आणि एका बाजूला मी रिकामी. तिला वाटलं, दुकानातून वायरीबरोबर आलेलं टोपण आहे, काढायचं राहून गेलंय. नव्या वस्तूला असतं तसं.

मला दाबून पाव वळसा फिरवलं असतं तर मी आपसूक निघाले असते. तिला ते माहीत नव्हतं. तिने इंदुबाईंची कात्री आणली, टोक घातलं आणि उचकटलं. माझ्या कडेची खाच फाकली. मग तिने मला पदराच्या टोकात बांधलं, घट्ट गाठ मारली, आणि गाठ कमरेला खोचली. पोरीच्या हाताला येणार नाही अशी जागा तिला तीच सुचली.

दहा वाजता सरांनी मशीन चालू केली. एकही दुसऱ्याशी बोलेना.

सरांनी सगळी बंद करून पुन्हा चालू केली. वायरी हलवून बघितल्या. दोन नंबरचं झाकण उघडलं, आतलं कार्ड काढून परत बसवलं. साडेअकराला पेणला हरेशला फोन लावला. मी शांतीच्या कमरेला होते, आणि शांती फोनच्या टेबलाशी पाणी भरत होती.

"मशीनं नका बघू सर, टोकं बघा," हरेश पलीकडून मोठ्याने बोलत होता. "दोन्ही टोप्या हायत का?"

सर वाकले. एक नंबरची माझी बहीण जागेवर होती. सहा नंबरखाली भूमिका झोपली होती. सरांनी उभ्याउभ्याच तिकडे पाहिलं. झोपलेलं मूल कोण उठवणार? "आहेत, आहेत," ते म्हणाले.

"मग मला यायला लागंल. निघतो. पण हायवेला टँकर उलटलाय वडखळजवळ, पोचायला चार वाजतील."

सरांनी फोन ठेवला आणि तसेच खुर्चीत बसले. "परीक्षक दोनला येणार. केंद्र रद्द करतील. पोरांचं वर्ष गेलं."

टोपी हा शब्द शांतीने ऐकला होता. तिचा हात कमरेच्या गाठीवर आला आणि तिथेच राहिला. एवढी जवळ मी कुणाच्याच आले नव्हते. ती जिन्यात गेली, परत आली, पुन्हा जिन्यात गेली. इंदुबाईंच्या दारात उभी राहिली.

"काय गो, तोंड का पांढरं पडलंय?"

"माज्याकडून चुकी झालीय. सांगितली तर पोरीला आनू देनार नायत."

"आणि नाय सांगितली तर?"

"मग ती बावीस पोरं."

इंदुबाईंनी शिलाई मशीनवरचा पाय उचलला. "पोर माज्याकडं दे. तू जा."

शांती सरांसमोर जाऊन उभी राहिली. गाठ सुटेना, इतकी घट्ट मारलेली. शेवटी दाताने सोडली आणि मला टेबलावर ठेवलं.

"सर, ही मी काढली. पोरीच्या तोंडात जाईल म्हून. मला वाटलं, ही रिकामीच हाय."

रागवायला सरांना वेळ नव्हता. त्यांनी मला उचललं, टेबलाखाली शिरले आणि बसवलं. पाच मशीन लगेच बोलायला लागली, सहावंही बोललं. सर बाहेर आले तशी मी घसरले. फाकलेली खाच धरेना. पुन्हा सगळं गप्प. त्यांनी दोरा बांधला, कागद कोंबला. दोन मिनिटं टिकायची, मग पुन्हा सुटायची.

"मी धरते," शांती म्हणाली.

"दोन तास?"

"पोर धरते ना दिवसभर."

दोन वाजता परीक्षक आले तेव्हा शांती सहा नंबरच्या टेबलाखाली मांडी घालून बसली होती, पाठ भिंतीला, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी तिने मला आत दाबून धरलं होतं.

"ही बाई खाली काय करतेय?" परीक्षकांनी विचारलं.

"सफाई चाललीय," यज्ञेश सर म्हणाले.

परीक्षकांनी तासाभराने पुन्हा वाकून बघितलं. "फारच स्वच्छ ठेवता तुम्ही."

चार तुकड्या झाल्या. सहा, सहा, सहा आणि चार. तिच्या डोक्यावर कुणाचे तरी गुडघे, कुणाची तरी चप्पल. मुलं जे काही पाठवत होती ते माझ्यापर्यंत येत होतं आणि मी गिळत होते, आणि माझ्या पुढे पहिल्यांदाच भिंत नव्हती, एक माणूस होतं. तिच्या बोटांना घाम आला की ती डावा हात खाली लावायची, मग उजवा पदराला पुसून परत आणायची. मधेच पलीकडून भूमिकाच्या रडण्याचा आवाज आला. शांतीचं सगळं अंग तिकडे गेलं. बोटं नाही गेली. "पानी पाजा तिला, भुकेली नाय ती," एवढंच ती पुटपुटली. इंदुबाईंपर्यंत ते पोचणं शक्य नव्हतं.

चार वाजून दहा मिनिटांनी परीक्षक गेले. शांतीची बोटं सरळ होत नव्हती. ती आधी पोरीकडे धावली, तोंडात बोट घालून बघितलं, मग सरांकडे आली.

सर थकले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. "शांताबाई, आज वाचलो. पण उद्यापासून मुलीला आणू नका. खरंच काही गिळलं असतं तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? तुम्ही या, एकट्या या."

"एकटी कशी येऊ सर? घरी कोन हाय?"

सर एकेक मशीन बंद करायला लागले.

शांतीने गोधडी झटकली, घडी केली, पोरीला कडेवर घेतलं. दारात थांबली. "पोरं पास व्हतील ना?"

"निकाल महिन्याने येतो," सर म्हणाले.

हरेश साडेचारला पोचला. सगळं ऐकून त्याने मला हातात घेतलं, फाकलेली खाच पक्कडीने आवळली, वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. मीटर लावलं, पंचवीस आलं. मग म्हणाला, "बाईची चूक नाय सर. जोडलं त्या दिवशी मी तुम्हाला सांगितलं, तिला नाय सांगितलं. ह्या टेबलाखाली रोज हात कुणाचा जातो?"

दोन दिवसांनी सरांनी शांतीच्या खोलीवर निरोप पाठवला, पोरीला घेऊनच या. खोलीला कुलूप होतं. ती पोरीला घेऊन डोलवीला नवऱ्याकडे गेली होती.

पुढे साडेतीन वर्षं मी तिथेच राहिले. दुसरी बाई आली, ती टेबलाखाली झाडतच नसे. माझ्यापुढे पुन्हा भिंत. मग एकोणीसशे नव्व्याण्णवच्या दिवाळीत हरेशने काळी वायर काढून टाकली. आता मधोमध एक डबी बसवली आहे, प्रत्येक मशीनला तिच्यापासून स्वतःची वेगळी वायर. एक तुटली तर एकच मशीन गप्प होतं. कुणाला टोक नाही, टोपीही नाही. माझी बहीण चांगली होती, तिला हरेश पेणला घेऊन गेला. मला चिकटपट्टीची म्हणून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. सोबतीला स्क्रू आहेत, उडालेले फ्यूज आहेत. ते काही बोलत नाहीत, आणि माझ्याकडे आता गिळायलाही काही येत नाही.

माझी तक्रार नाही. एकच गोष्ट आतल्या आत राहिली आहे. निकालाचा कागद आला तो मे महिन्यात, आणि तेव्हा तिथे सगळे होते, शांती नव्हती. तिला कुणीच कळवलं नाही. ती अजून समजत असेल की आपल्यामुळे त्या पोरांचं नुकसान झालं.

तुमच्यापैकी कुणी पेणच्या बाजूला जाणार असाल, नाहीतर तिकडे जाणारं कुणी ओळखीचं असेल, तर एवढं पुढे सांगा. डोलवीला कंत्राटी कामगारांच्या खोल्यांत विचारा, केरूची शांती, गडबची. पोरगी आता साडेचार वर्षांची असेल. तिला म्हणावं, बावीसच्या बावीस पास झाले. आणि म्हणावं, तुझी बोटं होती तोवर लाइन एकदासुद्धा तुटली नाही.