मोदेस्तिनोच्या भट्टीचं छप्पर

इटलीत अवेल्लीनो शहराच्या वरच्या डोंगरातल्या त्या गावात मोदेस्तिनोने कॉफी प्यायली नाही असं एकही घर नव्हतं, आणि त्याच्या घरची कॉफी प्यायलेला एकही माणूस नव्हता. तो पोस्टमन होता. जन्मभर त्याने दारोदार पत्रं वाटली. कुणी कप पुढे केला, कुणी वाइनचा पेला, आणि मोदेस्तिनोने कधी कुणाचं मन मोडलं नाही. त्याच्या स्वतःच्या दाराशी कुणी आलं, की त्याला मात्र नेमकं कुठेतरी बाहेर जायचं असायचं.

तो निवृत्त झाल्यावर त्याच्या बायकोने, जेरार्दाने, एकच हट्ट धरला: परसात विटांची भट्टी हवी. दर शनिवारी ती पावाच्या गोळ्यांची फळी डोक्यावर घेऊन शेजारच्या रोक्कीनाच्या भट्टीवर जायची, आणि आपली पाळी येईपर्यंत रोक्कीनाच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकत बसायची.

"सान मार्तिनोच्या सणाचा पाव मी माझ्या भट्टीत भाजणार," तिने बजावलं. "नाहीतर त्या दिवशी उघडायची नवी वाइन तू नुसतीच ढोस."

भट्टीला मोदेस्तिनोची ना नव्हती. अडचण गवंड्याची होती. साबातो मेस्त्री त्याचा चुलतभाऊ, त्याने मजुरीचं नावही काढलं नसतं. पण छप्पर झाकलं गेलं, की कामाला हात लावलेल्या प्रत्येकाला मालकाने पोटभर जेवू घालायचं, ही तिथली रीत. याला म्हणतात कापोकनाले. गवंडी छपरावर हिरवी फांदी खोचतात, आणि मग पास्ता, सॉसेज, कोकराचं मटण, वाइन, सगळं मालकाच्या खिशातून. आणि भट्टीचा घुमट म्हणजे छप्परच, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

"मग मीच बांधतो," मोदेस्तिनो म्हणाला. "मालक मी, गवंडी मी. माझं कापोकनाले मी मलाच घालीन."

"उपाशी मरशील," जेरार्दा म्हणाली.

त्याने ओटा बांधला, त्यावर विटांची फरशी घातली. फरशीवर ओल्या वाळूचा ढीग थापून त्याला घुमटाचा आकार दिला, वरून ओली वर्तमानपत्रं चिकटवली आणि त्या वाळूवर विटांची वर्तुळं चढवायला सुरुवात केली. घुमट धरला की खालच्या तोंडातून वाळू उकरून काढायची, एवढं त्यालाही ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्तुळापाशी साबातो मेस्त्री हात मागे बांधून हजर झाला.

"कुंपा मोदेस्ती, गड्या, ही वीट नाक वर करून बसलीय बघ." त्याने ती उचलली, खाली थोडा चुना सारला, थापीच्या दांड्याने ठोकून बसवली, हात झटकले आणि चालू लागला. फुकटात काम झालं म्हणून मोदेस्तिनो खूश.

मग रोक्कीना चाळण परत करायच्या निमित्ताने आली. "अगंबाई, काय देखणी भट्टी! एक वीट मला लावू दे. माझा हातगुण चांगला आहे." पाद्री लिबेरातो आशीर्वाद द्यायला आले आणि झग्याच्या बाह्या सारून एक वीट लावून गेले. बारवाला चीरो आला, औषधवाल्याची बायको आली. जो तो एकच वीट लावायचा, दोन पावलं मागे सरून मान डोलवायचा आणि जायचा. मोदेस्तिनो फुगून गेला. निवृत्त झाल्यापासून त्याच्याकडे कुत्रंही फिरकत नव्हतं, आणि आता माणसं येऊन त्याच्या हाताची तारीफ करत होती. एकानेही जेवणाचं नाव काढलं नाही, यातच काहीतरी काळंबेरं आहे, हे एखाद्या साध्या माणसाच्याही लक्षात आलं असतं. पण कौतुकापुढे याची अक्कल गहाण पडली होती.

अगदी माथ्यावरची शेवटची वीट तेवढी राहिली, त्या सकाळी तो बारमध्ये गेला.

"मग, रविवारी कोकरू की डुक्कर?" चीरोने कप पुसता पुसता विचारलं.

"कसला रविवार?"

"कापोकनाले! माझी वीट आहे की. तोंडाच्या डावीकडे, जराशी काळपट. खूण करून ठेवलीय."

"माझी तिच्या वरची!" कोपऱ्यातून कुणीतरी ओरडलं. मग सगळा बार आपापली वीट सांगू लागला. मोदेस्तिनोचा चेहरा पांढराफटक पडला.

पण पत्ता चुकलेली पत्रंसुद्धा बरोबर पोचवणारं ते डोकं होतं. घरी पोचेपर्यंत त्याला युक्ती सुचली. त्याने शेवटची वीट लावलीच नाही.

"वर भोक आहे," त्याने साबातोला ऐकवलं. "झाकलं नाही ते छप्पर नव्हे. छप्पर नाही, तर जेवणही नाही."

"भोकाची भट्टी?"

"हवेशीर असते."

वाळू काढली. घुमट उभा राहिला. हळूहळू जाळ करून तो वाळवला आणि एके दिवशी भट्टी चांगली पेटवली. धूर वर, उष्णता वर, लाकडं भसाभस संपली. पाव बाहेर आला तो खालून कोळसा आणि वरून कच्चा गोळा. कुंपणाच्या भिंतीवर कोपर टेकून उभ्या असलेल्या मंडळींना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"पोस्टमन, वरच्या भोकातून पत्रं टाकायची का?"

मोदेस्तिनो बधला नाही. जेरार्दा भांडली, मग अबोला धरून बसली. त्यालाही तो पुरून उरला.

शनिवारी त्याने खिडकीतून पाहिलं. जेरार्दा डोक्यावर फळी घेऊन रोक्कीनाकडे निघाली होती. सान मार्तिनोचा पाव होता तो. "जेरार्दा, भट्टी हवा खातेय वाटतं?" कुणीतरी गल्लीतून हटकलं. एकाला दोन सुनावणारी त्याची बायको एक शब्दही बोलली नाही. ती नजर न उचलता पुढे गेली. मोदेस्तिनोला लाज वाटली. गाव हसलं म्हणून नाही. तिला उत्तर सुचलं नाही म्हणून.

तो परसात गेला, स्टुलावर चढला आणि वीट भोकात बसवायला लागला. बसेना. जाळाने भोकाचा आकार वेडावाकडा झाला होता. त्याने वीट फिरवून पाहिली, दुसरी घेतली, शिव्या दिल्या. शेवटी स्टुलावरून उतरला आणि साबातोच्या घरी गेला.

साबातो हातोडी घेऊन निघाला. परसात येऊन त्याने भोकावर बोटं फिरवली, हातोडीने विटेच्या कडा छाटल्या आणि ती मोदेस्तिनोपुढे धरली.

"बसव."

"म्हणजे रविवारी..."

"मी काही बोललो का? वीट दिली फक्त."

मोदेस्तिनोने डोळे मिटले आणि वीट ठोकली. ती घट्ट बसली.

"फांदी आणा रे!" भिंतीपलीकडून चीरो ओरडला. अर्धं गाव तिथे लपलं होतं.

रविवारी परसात टेबलं लागली. जेरार्दाने स्वतःच्या भट्टीत पाव भाजला, कोकरू भाजलं, आणि रोक्कीनाला मुद्दाम भट्टीच्या तोंडासमोर बसवलं. मोदेस्तिनो सुरुवातीला प्रत्येक ताटातली सॉसेजं डोळ्यांनी मोजत होता. मग म्हाताऱ्या कार्मोसीनाने त्याची बाही ओढली. तिच्या मुलाची स्वित्झर्लंडहून आलेली पत्रं तो दारात उभा राहून तिला वाचून दाखवायचा.

"तू यायचा बंद झालास," ती म्हणाली, "पण मी अजून दुपारी दाराकडे बघते बघ. मेली सवय."

 मोदेस्तिनोने तिच्या ताटात आणखी मटण वाढलं, किती ते न बघता. मग चीरोच्या ताटात वाढलं. मग वाढतच सुटला. त्याला इतकं बरं वाटत होतं की स्वतःचाच राग यायला लागला.

ऊन उतरलं. माणसं खुर्च्या सरकवून उठू लागली, तसा तो कासावीस झाला.

"साबातो," तो घाईघाईने म्हणाला, "समज, उद्या मी ती वरची वीट काढली आणि पुढच्या रविवारी परत बसवली. तर पुन्हा कापोकनाले करावं लागेल, नाही का?"

 जेरार्दा भट्टीपुढे येऊन उभी राहिली. तिच्या हातात पाव काढायचं लांब फावडं होतं.

"हात तर लावून बघ त्या विटेला! अरे, माणसांना जेवायला घालायचं असेल तर 'या' म्हणायचं असतं. जग तसंच बोलावतं."

मोदेस्तिनोच्या डोक्यात हे खरोखरच कधी आलं नव्हतं. तो फाटकाकडे निघालेल्या मंडळींकडे वळला.

"रविवारी या," तो म्हणाला.

आवाज इतका बारीक निघाला, की कुणाला ऐकूच गेलं नाही. त्याला पुन्हा म्हणावं लागलं.