थांबतानाचा आवाज

आमचे हे रिटायर झाले, पण बूड काही टेकलं नाही. स्वतः बसत नाहीत आणि मलाही बसू देत नाहीत. भाजी अर्धी चिरून होते न होते तोच हाक येते, "अगं, इकडे ये. ऐक आणि सांग, कुठला बरा."

कुठला बरा म्हणजे कुठला डिकोडर. आतल्या खोलीत टेबलभर रूळ मांडलेत. त्यांवर वीतभर इंजिन पळतं, ह्यांनी जन्मभर चालवलं त्याच जातीचं डिझेल. त्याच्या पोटात बोटाच्या पेराएवढी एक पट्टी बसवायची. तिच्यात खऱ्या इंजिनाचे सगळे आवाज भरलेले असतात, तोच डिकोडर. एका कंपनीचा काढतात, दुसऱ्या कंपनीचा घालतात, पुन्हा पहिला. त्या इंजिनाचं पोट इतक्यांदा उघडलंय की त्याला चेन लावून घ्या म्हटलं, तर माझ्यावरच डोळे वटारले.

तक्रार एकच. "यात ब्रेकचा आवाज नाही."

मला येत होता. टेबलाशी उभी असताना येत होता, स्वयंपाकघरातही येत होता. आणि परवा शिट्टीची किटली ह्यांच्या कोपराशी ओरडून ओरडून कोरडी पडली, तरी हे शेजारी पेपर वाचत बसले होते. मी काही बोलले नाही. जळकी किटली उचलून टाकून दिली.

बोलणार कसं? ह्यांच्या कानाचं कौतुक आमच्या घरात मिठासारखं, रोज लागतं. एकदा भर वेगात इंजिनाखाली काही खडखडतंय म्हणून ह्यांनी गाडी थांबवली. सोबत्याला काही ऐकू आलं नव्हतं. खाली वाकून पाहिलं तर एक सळई निखळून लोंबत होती. साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. पुढे पगार वाढला, घर झालं, मुली आपापल्या संसाराला लागल्या. पण ह्यांनी मिरवलं ते हेच.

आज दुपारी हे डिकोडर विकणारे दुकानवाले स्वतः आले. स्पीकर बदलून झाले, तारा बदलून झाल्या, शेवटी तसंच आणखी एक इंजिन बगलेत मारून आले. एका इंजिनात हा डिकोडर, दुसऱ्यात तो. म्हणाले, "काका, आता समोरासमोर होऊन जाऊ दे."

पहिलं इंजिन फिरून आलं आणि थांबताना असं करकरलं की माझ्या दातांत कळ गेली.

"ऐकलंत?" दुकानवाल्यांनी विचारलं.

"काय ऐकायचंय? काही आहे का?"

दुसरंही थांबलं. तेही करकरलं.

"दुकानावर पाटी लावा," हे म्हणाले, "इथे मुके ब्रेक मिळतील."

दुकानवाले ह्यांच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली तेव्हा त्या भल्या माणसाला काय ते कळलं. म्हणाले, "असेल काका, माझ्याच मालात खोट असेल. परत नेतो." आणि खोका उघडला.

तिथे थांबायचं की नाही? पण ह्यांनी फोन उचलला. "आमच्या ग्रुपात सांगतोच आता. नकली माल विकतात म्हणून सगळ्यांना कळू दे."

त्या ग्रुपातली माणसंच ह्या दुकानाची गिऱ्हाइकं. समोरचा बिचारा खोक्यात कागद कोंबत होता, मान वर करत नव्हता.

"फोन ठेवा खाली," मी म्हणाले. "परत चालवा दोन्ही. मी पाठ करून बसते."

भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. एक धावलं, थांबलं. दुसरं धावलं, थांबलं. हे पाय आपटत टेबलाभोवती येरझाऱ्या घालत होते. "हं, बोल."

"पहिला पाहुणा आहे. नवे कपडे घालून आलाय, कुठे चुकत नाही. दुसरा घरातला. हलायच्या आधी घसा खाकरतो, तुमच्या इंजिनासारखा. दुसरा ठेवा."

"आणि ब्रेक?"

मी वळले. ह्यांचं बोट अजून हातातल्या रिमोटच्या बटणावरच होतं.

"दोन्हींत आहे. चांगला करकरतो."

येरझाऱ्या थांबल्या. ह्यांनी दुकानवाल्यांकडे बघितलं, पण त्यांना खोक्याची चिकटपट्टी काही केल्या सापडेना. मग ह्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला आणि दुसऱ्या इंजिनाच्या टपावर तळवा टेकवला, ताप बघावा तसा.

"आवाज चालू आहे?" ह्यांनी विचारलं.

"चालू आहे. यांचा माल खरा आहे आणि तुम्ही त्याला नकली म्हणालात, त्याचं काय करायचं ते तुम्ही बघा. झिजलेत ते तुमचे कान, बोलणं येतं पण चिरका आवाज येत नाही. जन्मभर त्या धुडाला चिकटून बसलात, झिजतील नाही तर काय. गाडीचे ब्रेक झिजले की बदलायचे, हे तुम्हीच मला शिकवलंत. चला, शर्ट बदला, कानाच्या डॉक्टरकडे जायचंय. आणि तिथे न ऐकताच मान हलवलीत तर याद राखा, शेजारच्या खुर्चीत मी असेन."