भरल्या ताटावरून

नवीन पेन हातात आलं की आपण आधी काहीबाही गिरगटून बघतो. फॉन्ट करणारेही तेच करतात. डोळे मिटायचे, कीबोर्डवर बोटं नाचवायची आणि अक्षरं नीट उमटतात का ते पाहायचं. अर्थाशी आपल्याला काय करायचंय?

२००६ साली अमेरिकेत, अल्फारेटाच्या आमच्या ऑफिसात चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या लिपीच्या फॉन्टचं काम आलं आणि बॉसनं ते माझ्या गळ्यात मारलं. "शरयू, तू देवनागरी केलंस ना, मग हेही कर." या न्यायानं पोळ्या लाटणाऱ्या प्रत्येकीला पिझ्झाही यायला हवा. असो. या लिपीत का, की, कू यांसारख्या प्रत्येक उच्चाराला सर्वस्वी वेगळं अक्षर. प्रत्येकाला कॉम्प्युटरमधला क्रमांक आधीच मिळालेला होता, मी फक्त त्यांना रूप द्यायचं होतं. वाचता मला एकही येत नव्हतं. तपासायला ओक्लाहोमात वेल्मा होत्या. सत्तरीच्या, घरात तीच भाषा बोलत वाढलेल्या. मनातल्या मनात मी त्यांना काकू म्हणायचे.

त्याच सुमारास आमचं घर झालं. नवी कॉलनी, मागे ओढा. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये भिंतीला खिळा ठोकायची चोरी होती. इथे माझ्या नवऱ्यानं, निमिषनं, पहिल्याच दिवशी हातोडी काढली. त्या घरावर माझा जीव जडला होता.

कार्पेटवाले येणार म्हणून एका सकाळी मी घरूनच काम केलं. किचनच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवला, डोळे मिटून बोटं नाचवली आणि पान वेल्माकाकूंना पाठवलं. लगेच फोन आला.

"हे वाक्य कुणी दिलं तुला?"

"वाक्य कसलं? मी नुसतं बडवलंय."

"ऑफिसातून पाठवतेस ते नुसतं बडवलेलं असतं. हे नाही. 'जेवण वाढलंय. आम्हाला उठवू नका.'"

मी हसले. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून पाठवलं, तर नेहमीचा कचरा. संध्याकाळी ओट्यावरून पाठवलं, तर तेच वाक्य. मग माझं हसू आटलं.

फोन करून मी वेल्माकाकूंना हे सांगितलं आणि घर कुठे आहे तेही. "तुमचा तो सगळा भाग आमचा होता," त्या म्हणाल्या. "१८३८ साली आमच्या माणसांना तिथून इकडे ओक्लाहोमात हाकललं ना, तेव्हा शिपाई दारात आले ते जेवायच्या वेळी. माझी आजी तिनं ऐकलेलं सांगायची. वाढलेलं तसंच राहिलं."

भरल्या ताटावरून वैऱ्यालाही उठवू नये, असं माझी आई म्हणायची. मला भीती वाटली आणि खरं सांगते, रागही आला. इतकी वर्षं व्हिसाच्या रांगेत काढून कुठे हक्काचं छप्पर मिळालं, तर तिथे आधीच कुणीतरी बसलेलं.

निमिष म्हणाला, "यार शरयू, रँडम आहे ते. घर असं कॅन्सल नाही करता येत."

"घर सोडायचं नाहीच आहे मला. पण वास्तुशांतीला पहिलं पान त्यांचं. आपण बाहेर बसायचं."

रविवारी दुपारी गुरुजी जेवून गेले. मी टेबल पुसून पुन्हा पानं मांडली. वरण-भात, बटाट्याची भाजी, पुरणपोळी. 'बसा, सावकाश जेवा' हे वेल्माकाकूंना विचारून त्यांच्या अक्षरांत टाइप केलं, लॅपटॉप ओट्यावर उघडा ठेवला आणि आम्ही मागच्या लाकडी डेकवर जाऊन बसलो. ऊन चटचट लागत होतं. थोड्या वेळानं आत खुर्च्या सरकल्या. निमिषनं माझ्याकडे पाहिलं, पण रँडम म्हणाला नाही.

आत गेलो तेव्हा पानं जशीच्या तशी होती. खुर्च्या मात्र सगळ्या मागे ओढलेल्या. स्क्रीनवर माझ्या ओळीखाली आणखी एक ओळ आली होती. ती वेल्माकाकूंना पाठवून मी लगेच फोन लावला.

"जेवले नाहीत ते. काय लिहिलंय?"

त्यांनी ती ओळ आधी त्यांच्या भाषेत वाचली.

"विचारतायत, आम्ही बसलो तर तुम्ही कुठे जाणार?"