आधी ‘बरं हाय’, मग बाकीचं

आमच्या वाडीत भांडायला आलेल्या माणसालाही आधी पाणी विचारतात. तोही पाणी पितो, गुरावासरांची चौकशी करतो, थोरल्या पोरीला कुठं स्थळ बघताय का ते विचारतो, आणि मग बांध का कोरला म्हणून गचांडी धरतो. मी नवी नवरी होते तेव्हा मला याचं हसू यायचं. मी बारामती गावात वाढलेली, तोंडाची फटकळ. मनात आलं की ओठांवर. माझी चुलत सासू दगडाबाई तेव्हाच मला म्हणाली होती, “सोनम, शिवी बी उंबऱ्याच्या आत येऊन द्यावी. रस्त्यावरनं वरडू नगं.”

याच रीतीपायी आमचं दूध केंद्र बुडायला निघालं होतं.

वाडी काटेवाडीच्या पुढं, ओढ्यापलीकडं. केंद्र म्हणजे पत्र्याची एक खोली, वजनकाटा, फॅट तपासायचं मशीन आणि मी. मी तिथली सचिव. सकाळ-संध्याकाळ बायका किटल्या घेऊन येतात, दूध घालतात, थोड्या टेकतात, गावाची उणीदुणी काढतात आणि जातात. संघाचा नियम असा, की दूध जो आणून घालील त्याच्या नावावर खातं. आमच्याकडं दूध बायका घालतात, म्हणून खाती बायकांची. लेकीला नर्सिंगला घालायचं हे छबूबाईनं कोणाला न विचारता ठरवलं, ते त्या पत्र्याच्या खोलीच्या जिवावर.

तर एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर संघाच्या नव्या ॲपचा निरोप आला. ॲपचं नाव ‘दूधमित्र’. “सस्नेह नमस्कार. सभासदांच्या सोयीसाठी आपले केंद्र पुढील महिन्यापासून हमरस्त्यावरील शीतकरण केंद्रात विलीन करण्याचे योजिले आहे. कृपया अभिप्राय कळवावा.”

सोय म्हणे! ओढा ओलांडून हमरस्त्यापर्यंत किटली डोक्यावर घेऊन कोणती बाई दोन वेळा जाईल? दूध जाणार मोटारसायकलला अडकवून, म्हणजे बाप्ये नेणार. बाप्ये दूध घालणार आणि खाती बाप्यांची होणार. आमचे नवरे काही राक्षस नाहीत, पण पिकलेल्या बोरीखाली बसलेला माणूस उपाशी राहत नाही एवढं मला कळतं.

निरोपाखाली ॲपनं आपणहून तीन उत्तरं तयार ठेवली होती. ‘मान्य आहे’, ‘ठीक आहे’ आणि ‘धन्यवाद’. मी फोन वर केला, खाली केला, उलटासुद्धा करून बघितला. ‘नाही’ कुठंच नव्हतं. जगभरची अक्कल एका डबीत कोंबणाऱ्यांना ‘नाही’चं एक बटण जमलं नव्हतं, का नको होतं, देव जाणे.

“बटनं ऱ्हाऊ दे,” दगडाबाई म्हणाली. “ती माईकची खूण हाय न्हवं? दाब. मी बोलते.”

आणि ती बोलली. “रामराम रणजितराव. बरं हाय का? हितं समदं बरं हाय, तुमची किरपा हाय. कुशाक्का कशी हाय? गुडघं काय म्हनत्यात तिचं? लेकरं साळंला जात्यात न्हवं? म्हस येली काल, रेडी झाली. बरं, आता ऐका. केंद्र हालवलं तर तुमचं टाळकं फोडीन. ठिवते.”

रणजितराव म्हणजे संघाचे व्यवस्थापक, इंदापूरच्या कचेरीत बसणारे. त्यांची आई कुशाबाई आमच्याच वाडीची लेक, दगडाबाईची जुनी मैत्रीण. हल्ली ती वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये धाकट्या लेकाकडं असते. त्यामुळं वाडीतली प्रत्येक बाई रणजितरावांशी बोलताना आधी कुशाक्काची चौकशी करणार, हे ठरलेलंच. सगळ्या बोलल्या. छबूबाई तर इतकी बोलली की शेवटी तिला रडू फुटलं.

चार दिवसांनी संघाचा अहवाल ॲपवर आला. आमच्या वाडीपुढं हिरवा ठिपका होता आणि लिहिलं होतं : “प्रतिसाद सकारात्मक. सभासद समाधानी असून सर्व ठीक असल्याचे कळवतात. व्यवस्थापनाबद्दल कृतज्ञता. स्थलांतरास अनुकूल.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी कचेरीतल्या सुयोगला फोन लावला. तो तिथलं कॉम्प्युटरचं बघतो, पोरगा सरळ आहे.

“ताई, दोन तालुक्यांतनं ढिगानं मेसेज येतात,” तो म्हणाला. “साहेबांनी किती ऐकायचे? म्हणून हे नवं तंत्र घेतलंय. ते सगळं ऐकतं, दोन ओळींत सार काढतं आणि रंग देतं. साहेब फक्त सार वाचतात. पण लोक मुद्दा पहिल्यांदा बोलतात असं ते धरून चालतं. तुमच्या बायका सुरुवातीला काय बोलतात?”

मी कपाळावर हात मारून घेतला.

“मग त्यांना सांगा, रामराम-श्यामराम नको. थेट मुद्दा,” सुयोग म्हणाला.

थेट मुद्दा म्हणजे माझंच काम. मी तिथल्या तिथं लिहिलं, “केंद्र हलवायचं नाही. हलवलं तर आम्ही दूध घालणार नाही.” पाठवायला गेले तर ॲप म्हणालं, “आपला संदेश कठोर वाटतो. सौम्य करू?” मी ‘नको’ शोधेपर्यंत माझं बोट कुठं लागलं कोण जाणे, आणि निरोप गेला तो असा : “केंद्र स्थलांतराबाबत फेरविचार व्हावा, ही नम्र विनंती. अन्यथा आपला निर्णय शिरोधार्य.” खाली माझं नाव. शिरोधार्य! हा शब्द मी जन्मात कधी बोलले नाही. माझ्या नवऱ्यानं तो वाचला आणि संध्याकाळपर्यंत हसत होता. त्या रात्री त्याला मी शिळी भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी केंद्रावर मी बायकांना सुयोगचं म्हणणं सांगितलं. नमस्कार नको, चौकशी नको, एकदम मुद्दा. छबूबाई तयार होती. दगडाबाई उठून उभी राहिली.

“का म्हनून? मी काय चोर हाय का, खिडकीतनं आत शिरायला? माझ्या मैतरणीच्या लेकाशी मी बोलतीया. त्याच्या आयचं इचारल्याबिगर त्याला शिव्या देऊ? ते यंतर काल आलंया. त्याला आमची बोली यीना, तर त्यानं शिकावं.”

“आत्या, पण केंद्र जाईल ना!”

“केंद्र बी जानार न्हाय आनि रामराम बी जानार न्हाय. हिरवा ठिपका देतंय काय? मग त्याच्या मालकाम्होरंच जाऊन बसू. लाल म्हंजी काय ते दाऊ.”

मला आत्याचा इतका अभिमान वाटला की मी फॅटचं मशीन बंद करायचंच विसरले.

संघाचा दुधाचा टेम्पो इंदापूरला जातो. त्या दिवशी त्यात कॅन कमी आणि बायका जास्त होत्या. ड्रायव्हर नको नको म्हणत होता. दगडाबाईनं आधी त्याच्या बायकोचं बाळंतपण कसं झालं ते विचारलं, आणि मग त्याला गप्प बस म्हणाली. कचेरीत शिपायानं अडवलं. “ॲपवर वेळ घ्या,” म्हणाला. आम्ही त्याच्या दोन्ही बाजूंनी आत गेलो.

रणजितराव उठून उभे राहिले. माणूस वाईट नाही. स्वच्छ शर्ट, दमलेले डोळे, समोर दोन फोन. “मावशी, तुम्ही कशाला त्रास घेतला? तुमचे मेसेज पोचलेत की. सगळे सकारात्मक आहेत.”

“रामराम रणजितराव,” दगडाबाई खुर्चीत बसत म्हणाली. “बरं हाय का?”

“बरं आहे.”

“कुशाक्का कशी हाय?”

“आईही बरी आहे. रोज मेसेज असतो तिचा.”

“काय म्हनती?”

रणजितरावांनी फोन उचलला. “हे काय, कालचाच. ‘आई : प्रकृती ठीक. मुलांची चौकशी. विशेष काही नाही.’”

दगडाबाई फोनवर वाकली. तिला वाचता येत नाही, पण तिनं फोनकडं असं बघितलं की मलाच कसंतरी झालं.

“ह्ये कुशी बोलली?” तिनं विचारलं.

“म्हणजे बोलली ती, आणि हे त्याचं सार. माझ्या फोनलाही तीच सोय आहे. मी अंगठा पाठवला तिला.”

“तिचा आवाज लाव.”

“मावशी, आता मीटिंग आहे माझी...”

“रणजित, लाव म्हन्ते ना!” तिनं ‘राव’ही सोडला आणि ‘तुमी’ही सोडलं. “आमच्या वाडीची बाई ‘बरं हाय’ म्हनती ती सुरवात असती. त्ये उत्तर न्हाय. तू तर तिच्या पोटचा, तुला ठावं न्हाय व्हय?”

त्यांनी आवाज लावला.

“रणजित, बरी हाय मी. तू बरा हाईस का? लेकरं बरी हाईत न्हवं? सूनबाईचा खोकला गेला का? जेवान येळंवर कर. हितं समदं बरं हाय.” मग ती थांबली. पंख्याचा आवाज येत राहिला. रणजितरावांचा अंगठा बंद करायला पुढं झाला, तसा दगडाबाईनं त्यांचा हात मनगटापाशी धरला. “आनि ऐक. परवा न्हानीत पडले मी. हितं कुनाला सांगितलं न्हाय, त्यांची ड्युटी असती. पाय सुजलाय, टेकवत न्हाय. तुला परवा बी बोलले हुते. तुजा अंगठा आला. येळ असला तर यीऊन जा. नसला तर ऱ्हाऊ दे. बरी हाय मी.”

छबूबाईनं पदर तोंडाला लावला. रणजितरावांनी गाडीची किल्ली उचलली, खाली ठेवली, परत उचलली. मला त्या माणसाची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

“जा आधी,” दगडाबाई म्हणाली. “आमी हितंच बसतो. केंद्राचं झाल्याबिगर हलनार न्हाय. आनि जाताना ते यंतर बंद कर. आमचं समद्यांचं गाडीत ऐकत जा, पैल्यापास्नं. वालचंदनगर लांब हाय, पुरतंय.”

ते गेले. आम्ही कचेरीत बसलो. सुयोगनं चहा आणला. शिपायाला आम्ही त्याच्या गावाचं विचारलं, तर तो कऱ्हाटीचा निघाला आणि छबूबाईच्या माहेरच्या नात्यातला. मीटिंगला आलेले लोक दारातनं डोकावून गेले. साहेबांच्या केबिनमध्ये बायकांनी शेंगा फोडायला घेतल्या होत्या.

उन्हं कलल्यावर माझ्या फोनवर ॲपचा निरोप आला. रणजितरावांचा आवाज होता, सार नव्हतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

“रामराम मावशी. बरं हाय का? चहा-पाणी झालं का? आईला दवाखान्यात आणलंय, हाड मोडलंय, पण डॉक्टर म्हणतात बरं होईल. ती तुमची सारखी आठवण काढतीय.”

बायका सुटकेनं हलल्या. दगडाबाईनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. सुरुवात झाली होती नुसती.

“आणि ऐका,” रणजितराव म्हणाले. “सगळ्यांचं ऐकलं. छबूबाईंचं दोनदा ऐकलं. केंद्र वाडीतच ऱ्हाईल.”

एकच कल्ला झाला. कोणीतरी शेंगांची टरफलं उधळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही. फोनच्या पडद्यावर ॲपनं लगेच तीन उत्तरं मांडली होती : ‘धन्यवाद’, ‘ठीक आहे’, ‘आभारी आहोत’.

दगडाबाईनं ती बघितलीही नाहीत. तिनं माझ्या हातातनं फोन घेतला, माईकची खूण बोटानं दाबून धरली आणि पदर सावरून सुरुवात केली.

“रामराम रणजित. बरं हाय का? कुशीला म्हनावं, मी उद्या येते, लापशी घिऊन. लेकरं जेवली का? तुजं जेवान झालं का? बरं, आता ऐक. केंद्र वाडीतच ऱ्हाईल म्हनलास, ते शिक्क्यानिशी लिवून दे. कागुद हातात पडुस्तवर आमी हितंच हाय. आनि टाळक्याचं मी म्हनले हुते, ते अजून माघारी घेतल्यालं न्हाय. ठिवते.”