राणीच्या साडीतली रेघ

वडगावात माग बंद पडलेलं घर चटकन कळतं. दोन्हीकडनं खडखडाट, आणि मधलंच एक गप्प. दिवाळीपासनं ताराबाईचं घर तसं होतं. नवरा कल्लाप्पा गेला तेव्हा त्याच्या हातमागावर लेकीच्या, राणीच्या लग्नाची साडी अर्धी विणून झाली होती. त्या घरातली लेक दुकानातल्या साडीत कधी सासरी गेली नव्हती. आणि लग्न तर आता तोंडावर आलं होतं.

ताराबाईला विणता येत नव्हतं असं नाही. नवऱ्यानं हौसेनं शिकवलं होतं, शिकवताना शिव्याही हौसेनंच घातल्या होत्या. ती कांड्यांवर सूत भरून द्यायची, तो विणायचा, असा सगळा संसार झाला. आता मागाजवळ गेलं की कानात त्याचाच आवाज, "तारा, कांडी दे गं," आणि ही तशीच मागं फिरायची. मन जरा निवळू दे, मग बसू, म्हणायची. मन कसलं निवळतंय! टीव्ही मोठ्यानं लावून बघितला. सदलग्याला बहिणीकडं जाऊन राहिली, तर आठवण हिच्या आधीच तिथं पोचलेली.

शेवटी राणीनं तिला दवाखान्यात समुपदेशन करणाऱ्या बाईंकडं नेलं. ताराबाईनं बसल्या बसल्या सांगितलं, हा आवाज घालवायची गोळी द्या. बाईंनी विचारलं, आवाज गेला तर काय कराल? लेकीची साडी पुरी करीन, ही म्हणाली.

"मग आवाज असू दे, अक्का," बाई म्हणाल्या. "त्याला शेजारी बसवा आणि साडी करा. मन म्हणंल, जमायचं न्हाय. म्हणू दे. हात तुमचे हैत."

परतताना रिक्षात ताराबाईला घाम फुटला. खरंच तसली गोळी मिळाली असती तर? तो आवाज पुन्हा कधीच आला नसता.

सकाळी तिनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडले. पायानं दाबायच्या पावड्या गारठल्या होत्या. आवाज आलाच. "देते की, थांबा जरा," असं म्हणत तिनं स्वतःच धोट्यात कांडी घातली. डोळे गळत होते, साडी वीत-वीत वाढत होती.

थांबलेला माग परत चालवला की कापडात आडवी रेघ उमटते. त्यात विणताना कल्लाप्पाचा ठोका जड, हिचा हलका. शेजारची मालुबाई म्हणाली, त्यानं विणलेलं चार बोटं उसवून परत विण, रेघ जाईल. ताराबाईनं उसवलं नाही.

लग्नादिवशी साडी नेसवताना मालुबाई ती रेघ निऱ्यांत दडवायला लागली. राणीनं तिचा हात धरला.

"दडवू नका, मावशी. हितपतूर आप्पा हैत, हितनं आई."

लेक सासरी गेली. मांडव उतरला, पाव्हणे पांगले, घर पुन्हा गप्प झालं. ताराबाई मागाजवळ जाऊन बसली. जरा वेळानं आवाज आला. ती त्याचीच वाट बघत बसली होती.