भिंतीवरचे उजळ चौकोन

भाचीला पाहायला पाहुणे यायचे होते. धाकटा भाऊ स्टुलावर चढून दिवाणखान्यातले फोटो उतरवत होता आणि आत्या खाली उभी राहून एकेक हातात घेत होती. फोटो तिचेच होते. आधी नायिका, पुढे नायिकेची वहिनी, आता आई. सगळा जन्म कॅमेऱ्यासमोर गेला. त्याच कमाईवर हे घर उभं राहिलं, भावाचा संसार मार्गी लागला. तिचं लग्न मात्र ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणता म्हणता राहूनच गेलं.

“ताई, आतल्या खोलीत बस हं. आवाज करू नकोस, लोक लगेच ओळखतात.”

“शूटिंगला माझ्याबरोबर यायचास तेव्हा मिरवायचास की रे, मी हिचा भाऊ म्हणून!”

“तेव्हाची गोष्ट वेगळी. पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.”

या वाक्यापुढे तिचं काही चालत नसे. पडद्यावर तिने किती मुली सासरी पाठवल्या, आणि घरच्या मुलीच्या वेळी तोंड लपवायचं! चरफडत ती आत जाऊन बसली.

पाहुणे आले. मुलाच्या आईची नजर भिंतीवर गेली. जुन्या रंगावर फोटोंच्या जागी उजळ चौकोन उरले होते. हे भावाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“इथं काय होतं हो?”

“कॅलेंडरं,” तो गडबडून म्हणाला.

“एवढी? तारखा फार बघता वाटतं!”

तारखा त्याने खरंच पाहिल्या होत्या, बहिणीच्या शूटिंगच्या.

“घरात आणखी कोण असतं?”

“कोणी नाही. आम्ही तिघंच.”

आत्याने हे ऐकलं आणि तिला राहवेना. लपून बसणं तिने सोसलं होतं, पण आज तिला जमेतच धरलं नव्हतं. ती दार उघडून बाहेर आली.

“मी असते. मुलीची आत्या.”

“अगं बाई, तुम्ही!” मुलाची आई उठलीच. शेजारी उभं राहून तिने हौसेने फोटो काढून घेतला, पडद्यावरची दोन वाक्यंही म्हणून दाखवली. मग पर्स उचलली. “राग मानू नका, पण सिनेमावाल्यांशी सोयरीक आमच्यात चालत नाही.”

“मग तो फोटोही डिलीट करा,” भाची म्हणाली. “आत्या चालत नसेल त्या घरात मलाही यायचं नाही.”

पाहुणे गेले. भाऊ कपाळाला हात लावून बसला. “झालं समाधान?”

आत्या स्टुलावर चढली. भाची एकेक फोटो देत गेली, ती लावत गेली.

मुलाच्या आईने आपला फोटो काही डिलीट केला नाही. घरी पोचायच्या आत तो सगळ्या मैत्रिणींकडे गेला होता. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या सगळ्यांची लाडकी आई!’