जिच्या नावावर जमीन

आमच्या नंदिनीबाईंना पुस्तकातला धडा पुस्तकात ठेवून चैन पडत नसे. बेलापूरच्या शाळेत आम्ही दोघी इतिहास शिकवायचो. मी धडा वाचून मोकळी व्हायचे, आणि या बाई त्याचं नाटक उभं करायच्या.

बायकांच्या मताधिकाराचा धडा आला, तेव्हा त्यांनी आठवीत मतदानच घेतलं. नियम इंग्रजांच्या काळातला: जिच्या नावावर जमीन, तिला मत. ज्यांच्या आईच्या नावावर जमीन असेल त्यांनी हात वर करा, म्हणाल्या. नव्या फ्लॅटांतल्या मुलांच्या आयांकडे कुठली आलीय जमीन? गावठाणातल्या जयमालाचा एकटीचा हात वर गेला आणि लगेच खाली आला. आईला माहेरकडून मिळालेली भातशेती होती, ती नव्या शहरासाठी सरकारने घेतली होती. "मग गेलं की मत," बाई हसत म्हणाल्या. तेवढ्यात घंटा झाली. तो नियम केव्हाच मोडीत निघाला, हे सांगायचं राहून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी ऐंशी सालच्या निवडणुकीची सुट्टी.

मतदान आमच्याच शाळेत होतं. दुपार कलल्यावर आम्ही दोघी मत देऊन निघालो, तर जयमाला फाटकापाशी उभी. आई येऊन गेली का, असं बाईंनी सहज विचारलं.

"आयला मत नाय ना आता. तुमीच सांगितलात."

बाईंनी घड्याळ बघितलं. मतदान संपायला फार वेळ नव्हता. पदर खोचून त्या गावठाणाकडे धावत सुटल्या, मागे जयमाला, आणि सगळ्यांत मागे धापा टाकत मी. मनातल्या मनात म्हटलं, घ्या आता नाटकं करून.

जयमालाच्या आई, चांगुणाबाई, घरात कडी लावून बसल्या होत्या. कार्यकर्ते दोनदा बोलवायला येऊन गेले, तरी दार उघडलं नव्हतं. जमिनीसाठी कचेरीत गेल्या तेव्हा दारातूनच परत धाडलं होतं. आता पुन्हा चारचौघांत कुणी परत धाडलेलं त्यांना नको होतं. मला फार वाईट वाटलं. बाईंनी हात जोडले. चूक माझी, धडा अर्धा राहिला, यादीत तुमचं नाव मी स्वतः दाखवते, आणि कुणी परत पाठवलं तर मीही तिथून हलणार नाही, असं सगळं एका दमात सांगितलं. चांगुणाबाईंनी एकदा लेकीकडे बघितलं. मग त्यांनी खुंटीवरचं चांगलं लुगडं काढलं.

शाळेचं फाटक बंद व्हायच्या आत पोचलो. बोटाला शाई लावून त्या बाहेर आल्या आणि बोट उन्हात धरून बघत राहिल्या. नंदिनीबाईंचा जीव भांड्यात पडला.

"बाई," चांगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, "जमीन घेतली तवा आसं बोलवून कुनी का नाय इचारलं?"

बाईंनी पिशवीतून वही काढली आणि तो प्रश्न जसाच्या तसा उतरवून घेतला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उरलेला धडा पुरा केला आणि शेवटी तो प्रश्न, चांगुणाबाईंच्या नावासकट, फळ्यावर लिहिला. खाली उत्तर काय लिहायचं, असं जयमालाने उभं राहून विचारलं.

"दोन ओळी मोकळ्या सोड," बाई म्हणाल्या.